सहा जहाजे, तीन फ्लॅग आणि सतत बदलणारे नियम: कार्यालयात बसून याचा हिशेब कसा ठेवावा?

बेलापूर_डेस्क

नमस्कार. अकरा वर्षे समुद्रावर काढल्यानंतर, त्यांतली शेवटची तीन चीफ ऑफिसर म्हणून, मी २०२४ च्या अखेरीस किनाऱ्यावर आलो आणि सध्या बेलापूरमधील एका लहान जहाज-व्यवस्थापन कंपनीत सुरक्षा आणि पर्यावरण विभागाचे काम पाहतो. विभाग म्हणजे मी आणि एक सहायक. कंपनीकडे सहा जहाजे आहेत: चार स्वतःच्या क्रेन असलेली बल्क कॅरियर आणि दोन प्रॉडक्ट टँकर. त्यांचे फ्लॅग (नोंदणीचे देश) तीन आणि क्लास (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था) दोन असल्यामुळे एकच नियम बदलला तरी त्याची सहा-सात परिपत्रके वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या शब्दांत येतात. तीनही फ्लॅगांचे एकेक, दोन्ही क्लासचे एकेक, पी अँड आय क्लबचे (जहाजमालकांच्या विमा-संस्थेचे) एक, आणि खलाशी भारतीय असल्याने अनेकदा नौवहन महासंचालनालयाचेही.

हा प्रश्न विचारायला एक घटना कारणीभूत आहे. बॅलास्ट वॉटर रेकॉर्ड बुकचा, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्याच्या नोंदवहीचा, नमुना १ फेब्रुवारी २०२५ पासून बदलला. त्याचे परिपत्रक आमच्याकडे वेळेत आले होते. मी ते वाचले होते, ‘अंमलबजावणीसाठी’ असे लिहून सहाही जहाजांना पाठवले होते आणि सहाही कॅप्टनांकडून वाचल्याची पोच घेतली होती. सप्टेंबरमध्ये एका बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा (परदेशी जहाजे तपासणारा त्या देशाचा) निरीक्षक आमच्या एका बल्क कॅरियरवर आला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांच्या विशेष तपासणी मोहिमेचा विषयच बॅलास्ट वॉटर होता, त्यामुळे त्याने सर्वांत आधी तीच वही मागितली, आणि वही जुन्या नमुन्याची निघाली. नवी वही कोणी मागवायची हे माझ्या पत्रात लिहिलेले नव्हते. कॅप्टनला वाटले की कंपनी पाठवेल, खरेदी विभागाला वाटले की जहाजाकडून मागणी येईल, आणि अशा रीतीने सात महिने निघून गेले. जहाज अडकले नाही, निघण्यापूर्वी दुरुस्ती झाली, पण त्या अहवालावर सही कॅप्टनची होती आणि चूक माझी होती, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

आता १ जानेवारी २०२६ पासून बरेच काही एकदम लागू झाले आहे: आग विझवण्याच्या फोममधील पीएफओएस या घातक रसायनावर बंदी, क्रेन व इतर उचल-उपकरणांचे नवे नियम, हरवलेल्या कंटेनरांची सक्तीची खबर, आणि खलाशांच्या मूलभूत प्रशिक्षणात छळ व लैंगिक गैरवर्तन रोखण्याविषयीचा भाग. माझ्या टेबलावर यांची परिपत्रके आहेत, माझी वाचायची तयारीही आहे. मला विचारायचे आहे ते असे की, ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे ते सुरुवात कुठून करतात, मूळ मजकूर वाचतात की सारांशावर भागवतात, आणि वाचलेले जहाजावर प्रत्यक्ष उतरले आहे याची खात्री कशी करून घेतात? महागडे सॉफ्टवेअर घेण्याइतके आमचे कार्यालय मोठे नाही.

जुना_मास्टर

आपण चूक स्वतःकडे घेतलीत हे वाचून बरे वाटले, कारण कॅप्टन असताना कार्यालयातून असे पत्र मला एकदाही आले नव्हते. जहाज सोडल्यावर बारा वर्षे मी अशाच एका कार्यालयात तुमच्या खुर्चीत होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

परिपत्रक हातात घेण्याआधी जहाज वाचा, असे माझे सांगणे आहे. प्रत्येक जहाजाचा एक कागद तयार करा आणि त्यावर कील (तळाचा कणा) टाकल्याची तारीख, ताबा मिळाल्याची तारीख, ग्रॉस टनेज (आकारमान), डेडवेट (वाहण्याची क्षमता), जहाजाचा प्रकार, प्रत्येक सर्टिफिकेटची मुदत, वार्षिक सर्व्हेच्या अलीकडचे-पलीकडचे तीन-तीन महिने, पुढच्या रिन्यूअल सर्व्हेची (सर्टिफिकेट नवे करण्याच्या तपासणीची) आणि ड्रायडॉकची (जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्तीची) तारीख, आणि जहाज साधारण कोणत्या पाण्यात फिरते, हे सर्व लिहा. एका जहाजाला अर्धा दिवस लागेल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा (आयएमओचा) कोणताही नियम घ्या, तो याच गोष्टींच्या आधारे ‘तुम्हाला लागू आहे’ किंवा ‘नाही’ हे ठरवतो. हा कागद समोर नसेल तर परिपत्रक कितीही वेळा वाचले तरी ते आपल्या जहाजाविषयी काही सांगत नाही.

तुम्ही स्वतःच उल्लेख केलेली दोन उदाहरणे घेतो. पीएफओएसची बंदी आणि उचल-उपकरणांचा नियम, दोन्ही सोलासचे (समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) आणि दोन्ही एकाच दिवशी लागू झालेले. पण जुन्या जहाजाने फोमचा नियम १ जानेवारी २०२६ नंतरच्या पहिल्या सर्व्हेपर्यंत पाळायचा आहे, आणि पहिला सर्व्हे म्हणजे वार्षिक, पीरियॉडिकल किंवा रिन्यूअल यांपैकी जो आधी येईल तो. उलट, ज्या जुन्या क्रेनची भार-चाचणी आणि सखोल तपासणी झाल्याचा वैध कागद नाही, तिच्यासाठी मुदत आहे ती त्या तारखेनंतरच्या पहिल्या रिन्यूअल सर्व्हेपर्यंत. म्हणजे तुमच्या एखाद्या जहाजाचा वार्षिक सर्व्हे मार्चमध्ये आणि रिन्यूअल २०२९ मध्ये असेल, तर एका नियमाला दोन महिने उरले आहेत आणि दुसऱ्याला तीन वर्षे. परिपत्रकात मात्र दोन्हींच्या शीर्षकाखाली ‘१ जानेवारी २०२६ पासून’ एवढेच ठळक छापलेले असते.

क्रेनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी घ्या. आपण डेकवरची माणसे ‘क्रेन’ म्हटले की माल चढवण्या-उतरवण्याच्या क्रेनच डोळ्यांसमोर आणतो, आणि तुमच्या बल्क कॅरियरवर त्यांचे कागद बहुधा व्यवस्थित असतील, कारण बंदरातले स्टीव्हडोर (माल हाताळणारे) ते मागतातच. पण या नियमाच्या कक्षेत इंजिन रूममधली ओव्हरहेड क्रेन, शिधासामग्री चढवण्याची क्रेन आणि टँकरवरची होस हाताळण्याची क्रेनही येते. या क्रेनची भार-चाचणी जहाज बांधले तेव्हा झालेली असते आणि त्यानंतरचे कागद सापडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आजच सहाही जहाजांकडून यादी मागवा.

लागू होणारी तारीखही अनेकदा एक नसून दोन असतात. भूमध्य समुद्र गंधक-नियंत्रण क्षेत्र म्हणून घोषित करणारी दुरुस्ती १ मे २०२४ रोजी अमलात आली, पण इंधनातील गंधकाची ०.१० टक्के मर्यादा जहाजांवर बंधनकारक झाली ती एका वर्षाने, १ मे २०२५ रोजी. नॉर्वेजियन समुद्राचेही तसेच आहे. दुरुस्ती १ मार्च २०२६ ला अमलात येते आणि गंधकाची मर्यादा १ मार्च २०२७ पासून. नायट्रोजन ऑक्साइडसाठी त्याच क्षेत्रात बांधणीचा करार, कील आणि ताबा अशा तीन तारखा पाहाव्या लागतात, पण तो भाग नव्या जहाजांपुरता असल्याने तुम्ही सध्या बाजूला ठेवू शकता.

जे लागू नाही तेही नोंदवून ठेवा, आणि का लागू नाही ते एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ, ३००० ग्रॉस टनेज व त्यावरील बल्क कॅरियरना इलेक्ट्रॉनिक इन्क्लिनोमीटर (जहाज किती कलते ते मोजणारे यंत्र) बंधनकारक झाला आहे, पण फक्त १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर बांधलेल्या जहाजांना. तुमची चारही जहाजे त्याआधीची असतील तर तसे लिहा. दोन वर्षांनी नवा सुपरिंटेंडंट येईल आणि तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उकरून काढील, तेव्हा ती एक ओळ त्याचे दोन दिवस वाचवील.

इंजिनरूममधून

मी सेकंड इंजिनियर आहे आणि हे जहाजावरूनच लिहीत आहे. जुन्या मास्टरसाहेबांनी कार्यालयाची बाजू सांगितली, मी ते पत्र ज्याच्या हातात येते त्याची बाजू सांगतो.

भूमध्य समुद्राचाच विषय घेऊ. आमच्या जहाजावर स्क्रबर (धुरातले गंधक धुऊन काढणारे यंत्र) नाही. मागच्या एप्रिलमध्ये कार्यालयातून आलेल्या पत्राला चौदा पानांचे परिपत्रक जोडलेले होते आणि वर एक ओळ होती की १ मेपासून पालन करावे. ती ओळ खरी होती, पण तिच्यावरून मला काहीच करता येत नव्हते. मला हवे होते ते असे: अटलांटिककडून येताना ही हद्द जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी, स्पेनचे केप ट्राफाल्गार आणि मोरोक्कोचे केप स्पार्टेल यांना जोडणाऱ्या रेषेवर सुरू होते, म्हणजे त्याआधी किती तास इंधन बदलायला घ्यायचे, सर्व्हिस टाकी आणि पाइपांमधले जुने इंधन पूर्ण निघून जायला आमच्या खपाच्या हिशेबाने किती वेळ लागतो, कोणती टाकी गॅस ऑइलसाठी (कमी गंधकाच्या इंधनासाठी) राखून ठेवायची आणि ती आधी रिकामी करून साफ कधी करायची, पूर्ण भूमध्य प्रवासाला किती टन गॅस ऑइल लागेल आणि ते कोणत्या बंदरात मिळेल, आणि कमी बेस नंबरचे (कमी गंधकाच्या इंधनाबरोबर लागणारे) सिलिंडर ऑइल जहाजावर पुरेसे आहे का. यांतली शेवटची गोष्ट तर आमच्या चीफसाहेबांच्या लक्षात आली म्हणून वेळेवर मागवली गेली.

यात सुरक्षेचा प्रश्नही गुंतलेला आहे आणि तो पर्यावरणाच्या परिपत्रकात सापडत नाही. तापवलेल्या जड इंधनावरून थंड गॅस ऑइलवर जाताना तापमान फार वेगाने बदलले तर इंधनपंपाचे प्लंजर अडकतात, म्हणून इंजिन बनवणारे साधारण मिनिटाला २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त बदल होऊ देऊ नका असे सांगतात. जिब्राल्टरसारख्या अरुंद आणि गजबजलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले तर त्याचे परिणाम गंधकाच्या दंडापेक्षा कितीतरी भयंकर आहेत. म्हणून आम्ही पहिल्या खेपेला उघड्या समुद्रात, वाहतूक विरळ असताना, पूर्ण बदल एकदा करून पाहिला, लागलेला वेळ लिहून ठेवला आणि मगच लेखी पद्धत बदलली. क्षेत्रात शिरण्यापूर्वी बदल पूर्ण झाल्याची तारीख, वेळ, जहाजाचे स्थान आणि प्रत्येक टाकीतले कमी गंधकाचे इंधन किती, या नोंदी नियमानेच ठेवाव्या लागतात. पण त्या नोंदींमागची रीत ज्याला स्वतःच्या जहाजावर करून पाहता आली नाही, त्याच्याकडून त्या खऱ्या कशा येतील?

तुमच्या पत्रांसाठी माझी एकच विनंती आहे. परिपत्रक जोडा, पण त्याच्यावर तुमच्या स्वतःच्या शब्दांत अर्धे पान लिहा. या जहाजावर काय बदलते, कोणत्या तारखेपासून, कोणी करायचे, काय मागवायचे आणि ते कोण मागवणार, कोणती वही किंवा कोणता फॉर्म बदलणार, आणि हा नियम का आला. शेवटचे कारण कृपया गाळू नका. कारण समजले की माणूस मनापासून काम करतो. चोवीस तासांत दहा तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांतीचा नियम आम्हीच पाळायचा आहे, आणि बंदरावर बंदरे लागत असताना एखाद्या आठवड्यात वीस परिपत्रके आली तर ती वाचण्याचा वेळ त्या विश्रांतीतूनच जातो. वाचल्याची पोच तुम्हाला मिळते, कारण पोच देणे सोपे असते.

रत्नागिरीकर_थर्डमेट

मला अनुभव थोडा आहे, तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२४ च्या १ जानेवारीपासून मूरिंगच्या (जहाज धक्क्याला बांधण्याच्या) दोरांची तपासणी आणि देखभाल सोलासखाली आली आणि ती जहाज कितीही जुने असले तरी लागू आहे, हे आमच्या जहाजावर कोणालाही सर्क्युलर वाचून उमगले नव्हते. सुपरिंटेंडंटसाहेब जहाजावर आले तेव्हा त्यांनी आम्हाला फॉक्सलवर (पुढच्या टोकाच्या डेकवर) नेले, प्रत्येक ड्रमवरच्या दोराला क्रमांक दिला, त्या दोराचे सर्टिफिकेट शोधायला लावले आणि ज्या दोराचे सर्टिफिकेट सापडले नाही तो बाजूला काढायला लावला. त्या एका दुपारनंतर आमच्या बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) तो नियम माझ्यापेक्षा चांगला समजला. दोर तुटून परत येतो तेव्हा काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्याला कारण समजावून सांगावे लागले नाही. कार्यालयातल्या माणसाने वर्षातून एकदा तरी जहाजावर यावे, एवढेच म्हणायचे होते.

सर्व्हेअर_न्हावाशेवा

वरील तिघांशी मी सहमत आहे. प्रश्नकर्त्याने विचारलेल्या एका मुद्द्याला मात्र अजून उत्तर मिळालेले नाही, तो म्हणजे मूळ मजकूर वाचावा की सारांशावर भागवावे.

मूळ मजकूर वाचावा, आणि तो वाचण्यासाठी पैसे लागत नाहीत. सोलास आणि मारपोल (जहाजांपासूनचे प्रदूषण रोखणारा करार) यांची एकत्रित पुस्तके विकत घ्यावी लागतात, पण सुरक्षा समिती आणि पर्यावरण समिती यांचे ठराव आयएमओच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. परिपत्रक आले की त्यात दिलेला ठरावाचा क्रमांक पाहा, ठराव उघडा आणि ‘लागू’ या शीर्षकाखालचा परिच्छेद स्वतः वाचा. तो बहुतेक वेळा अर्ध्या पानाचाच असतो. सारांश करणारे प्रामाणिकपणे करतात, पण ते सर्व प्रकारच्या जहाजांसाठी लिहीत असतात, आणि तुमचे जहाज ज्या अपवादात बसते नेमका तोच अपवाद सारांशात गळतो. मूळ मजकुरातही ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करावे’ यांतला फरक पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण निरीक्षक दोष लिहितो तो पहिल्या शब्दावरून. फ्लॅगचे पत्र त्यानंतर वाचा, पण वाचाच. फ्लॅग एखादी शिफारस आपल्या जहाजांपुरती बंधनकारक करू शकतो किंवा काही बाबतींत सूट देऊ शकतो, आणि तीन फ्लॅग असताना ही तफावत तुम्हाला नक्की भेटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखणे. चर्चेत असलेला, मसुद्याला मान्यता मिळालेला, स्वीकारला गेलेला आणि अमलात आलेला, हे चार वेगळे टप्पे आहेत. स्वीकारल्यापासून अमलात येईपर्यंत मारपोलच्या दुरुस्तीला किमान सोळा महिने आणि सोलासच्या दुरुस्तीला किमान दीड वर्ष लागते. ठरावीक संख्येने देशांनी हरकत घेतली नाही तर दुरुस्ती आपोआप मान्य झाली असे धरले जाते, म्हणून एकदा स्वीकारलेला नियम पुढे अडतो असे सहसा होत नाही. सोलासच्या दुरुस्त्या सर्वसाधारणपणे चार वर्षांच्या चक्राने येतात. २०२४ झाले, पुढचे २०२८, आणि २०२६ सारखे मधले टप्पेही असतात. म्हणजे स्वीकारलेल्या ठरावांची यादी तुम्ही दर सहा महिन्यांनी एकदा शांतपणे पाहिली तरी पुढच्या दोन वर्षांत काय येणार आहे ते तुमच्यासमोर असते, आणि ‘अचानक नियम आला’ असे म्हणायची वेळ येत नाही.

हा टप्प्यांचा फरक न पाहिल्याने काय होते याचे ताजे उदाहरण हरितगृह वायूंच्या नेट-झिरो आराखड्याचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये पर्यावरण समितीने त्याला मान्यता दिली. तो ऑक्टोबरच्या विशेष बैठकीत स्वीकारला जाईल असे बहुतेकांनी गृहीत धरले होते, पण त्या बैठकीत ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय एक वर्ष पुढे ढकलला गेला. तोपर्यंत काही कार्यालयांनी आपल्या नियमावलीत तो लागू झाल्यासारखी प्रकरणे लिहूनही टाकली होती. त्याच वेळी जे खरोखर लागू आहे त्याकडे दुर्लक्ष झाले. कार्बन तीव्रतेचे, म्हणजे वाहतुकीच्या प्रमाणात जहाज किती कार्बन सोडते याचे, ‘ए’ ते ‘ई’ मानांकन दर वर्षी कडक होत आहे. २०१९ च्या संदर्भरेषेपेक्षा २०२५ साठी ९ टक्के आणि २०२६ साठी ११ टक्के कपात धरली आहे, म्हणून इंधनाचा खप तसाच राहिला तरी जहाज ‘सी’वरून ‘डी’वर घसरू शकते. सलग तीन वर्षे ‘डी’ किंवा एक वर्ष ‘ई’ आले तर सुधारणेची योजना सादर करावी लागते. गेल्या वर्षाच्या इंधनखपाची माहिती ३१ मार्चपर्यंत द्यायची आहे, तेव्हा तो हिशेब आत्ताच करून पाहा.

तिसरी गोष्ट, सगळे नियम लंडनहून, म्हणजे आयएमओकडून, येत नाहीत. तुमची जहाजे युरोपच्या बंदरांत जात असतील तर तिथली उत्सर्जन-व्यापार योजना लागू होते. २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण १०० टक्के उत्सर्जनासाठी परवाने जमा करावे लागतात, तेही पुढच्या वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत. डेन्मार्कने १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत ओपन लूप स्क्रबरचे पाणी सोडण्यावर बंदी घातली, आणि सिंगापूरने ती २०२० पासूनच घातलेली आहे. आपल्या नौवहन महासंचालनालयाने एकदाच वापरून टाकण्याच्या प्लास्टिकवर काढलेला आदेश भारतीय पाण्यात येणाऱ्या परदेशी जहाजांनाही लागू आहे, आणि न्हावाशेवाला येणारे किती कॅप्टन त्याची माहिती नसताना येतात हे मी पाहतो. असे स्थानिक नियम परिपत्रकांच्या फाइलमध्ये ठेवू नयेत. ते त्या बंदराच्या नावाखाली ठेवावेत आणि प्रवासाचा आदेश निघतानाच कॅप्टनला पाठवावेत.

हरवलेल्या कंटेनरांचा नियम तुमच्या बल्क कॅरियरना लागू नाही असे तुम्ही धरले असेल, तर तेवढे सुधारून घ्या. ज्या जहाजावरून कंटेनर पडले त्याने खबर द्यायची आहेच, पण पाण्यात तरंगणारा कंटेनर ज्या कोणत्या जहाजाला दिसेल त्याच्या कॅप्टननेही जवळपासच्या जहाजांना आणि सर्वांत जवळच्या किनारी देशाला कळवायचे आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली, तेव्हा कंटेनर वाहत जलमार्गात आले आणि मुंबई व न्हावाशेवाची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ६४० कंटेनर घेऊन एमएससी एल्सा ३ बुडाले आणि प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. अर्धवट बुडालेला कंटेनर रडारवर धड दिसत नाही, आणि रात्री समोर मासेमारीची लाकडी होडी असेल तर त्यावर आपटून तिचे काय होईल हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इंजिनरूमवाल्या मित्राने नियमाचे कारण पत्रात लिहायला सांगितले आहे. या नियमाचे कारण हे आहे.

बेलापूर_डेस्क

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत सहाही जहाजांचे कागद तयार केले. इंजिन रूमच्या क्रेनविषयी विचारणा केल्यावर सहापैकी दोन जहाजांवर चाचणीचा कागद सापडला, उरलेली शोधत आहेत. एका बल्क कॅरियरचा रिन्यूअल सर्व्हे याच वर्षी ऑगस्टमध्ये आहे, तेव्हा तिच्या क्रेनची चाचणी ड्रायडॉकच्या कामांच्या यादीत घातली. तरंगत्या कंटेनरांची गोष्ट माझ्याकडून खरोखर सुटली होती. त्यावर अर्ध्या पानाचे पत्र लिहून आज पाठवले आणि कोणी काय करायचे त्यात थर्ड मेटपर्यंत सर्वांची कामे लिहिली. पोच मागितली नाही. त्याऐवजी ब्रिजवर लावायच्या खबर-फॉर्मचे छायाचित्र मागितले आहे.

एक प्रश्न उरला आहे. आमच्या एका टँकरचा वार्षिक सर्व्हे मार्चमध्ये आहे आणि तिच्या डेक फोमची टाकी काही हजार लिटरची आहे. फोम २०१४ मध्ये भरलेला असून उत्पादकाच्या कागदावर पीएफओएसचा उल्लेखच नाही, ना आहे म्हणून ना नाही म्हणून. सर्व्हेअर काय मान्य करील?

सर्व्हेअर_न्हावाशेवा

कागदावर उल्लेख नसणे म्हणजे पीएफओएस नसणे असे कोणीही धरणार नाही. उत्पादकाकडून त्या प्रकारच्या आणि त्या बॅचच्या फोमसाठी लेखी घोषणापत्र मागवा, किंवा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. मर्यादा किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने ०.००१ टक्के आहे. फोमच्या गुणवत्तेच्या वार्षिक चाचणीसाठी तुमचा नमुना किनाऱ्यावर जातच असेल, तेव्हा त्याच प्रयोगशाळेला पीएफओएसही तपासायला सांगितले तर वेगळी खेप करावी लागत नाही. उत्तर यायला दोन-तीन आठवडे धरा, म्हणजे नमुना या आठवड्यातच निघायला हवा. मुख्य टाकीबरोबर हाताने वापरायचे फोम अप्लिकेटर, त्यांचे जादा डबे आणि फोमची पोर्टेबल अग्निशामके यांचीही यादी करा, कारण नियम त्यांनाही लागू आहे आणि मुख्य टाकी बदलताना हे डबे बहुधा जागच्या जागी राहतात.

चाचणीत पीएफओएस मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर जुना फोम समुद्रात सोडता येणार नाही, तो किनाऱ्यावरच्या सुविधेकडेच द्यावा लागेल, आणि टाकी व पाइप पुरेसे धुतले नाहीत तर जुन्या अंशाने नवा फोमही दूषित होईल. धुतलेले पाणीही किनाऱ्यावरच द्यायचे आहे. यासाठी जहाज फेब्रुवारीत कोणत्या बंदरात असेल आणि तिथे अशी सोय आहे का, हे एजंटला आजच विचारा. नवा फोम त्याच प्रपोर्शनरसाठी (पाण्यात फोम ठरावीक प्रमाणात मिसळणाऱ्या यंत्रासाठी) मंजूर असल्याचे सर्टिफिकेटही आधी क्लासला दाखवून घ्या. फोम बदलण्याचे काम चालू असतानाच्या दिवसांत माल चढवण्याचे काम धरू नका, कारण त्या काळात डेक फोम यंत्रणा बंद असेल.